लिंबाजीची उर्दू वही

मी ज्या गावाला गेलो होतो त्याचं नाव या लेखात येणार नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे, आणि मी मात्र सोलापूरला परत येऊन घरच्या नळाचं पाणी पितो आहे. एवढंच सांगतो, की बीडहून तेलगावकडे जाणारी एसटी धरायची, तेलगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं आणि तासभर चालायचं. चालताना सावली मिळणार नाही. बाभळी आहेत, पण त्यांच्या फांद्या शेळ्यांसाठी केव्हाच तोडून नेल्या आहेत.

मी का गेलो तेही सांगायला हवं. माझे वडील गिरणी कामगारांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतात. त्याच छापखान्यात हसनचाचा उर्दू पत्रकांची अक्षरं हाताने काढतात. मी लहानपणी पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवली आणि थोडा मोठा झाल्यावर पुढची बाजू वाचली. जगात अन्याय आहे आणि तो छापून काढला की अर्धं काम होतं, असं मला तेव्हापासून वाटत आलं. बीडच्या एका ओळखीच्या वकिलाने पत्र लिहिलं, की दुष्काळात सगळं बंद पडलेल्या एका गावात हौशी नाटक मंडळी अजून तालमी करते आहे. वडील म्हणाले, जा, लिहून आण, आपण पुस्तिका काढू. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेल्यानंतरचा तो उन्हाळा होता.

पहिला दिवस : फाटा आणि रिकामा तांब्या

बीडच्या स्टँडवर चहा घेतला. हॉटेलवाल्याकडे पाणी मागितलं तर म्हणाला, "चहा प्या की. त्यात पानीच हाय." आजूबाजूचे हसले. पाणी मात्र मिळालं नाही.

फाट्यावरून चालताना दोन्ही बाजूंना काळी रानं होती. भेगा एवढ्या, की माझी चप्पल एकीत अडकून तिचा अंगठा तुटला आणि उरलेली वाट मी एक पाय अनवाणी चाललो. सबंध वाटेत एकही बैल दिसला नाही. जे होते ते विकले गेले होते किंवा छावणीत होते.

मी उतरलो ते बापूरावांच्या घरी. बापूराव मंडळीतले राजा. बावीस वर्षं राजाचं काम तेच करतात. दिवसा सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडतात. उंच माणूस, मिशा अजून राजाच्या, पण गालांत खळगे पडलेले.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. बापूरावांच्या घरीही तीच रीत. त्यांच्या बायकोने तांब्या आणला, माझ्या पायांवर पाणी घातल्यासारखा वाकवला आणि परत नेला. तांब्या रिकामा होता. रीत मोडायची नाही आणि पाणीही सांडायचं नाही, म्हणून त्या घराने ही तोड काढली होती. मीही पाय पुसल्यासारखे केले. कोणी हसलं नाही.

जेवायला मिलोची भाकरी होती. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. आमच्या सोलापूरची भाकरी वाळवली की कडक होते, ही तव्यावरून उतरतानाच कडक असते. तिच्याबरोबर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, पातळ आमटी. बापूराव म्हणाले, ही ज्वारी तिकडं डुकरं खातेत म्हणे, खरं का? मी म्हणालो, ऐकलंय खरं. ते म्हणाले, मग डुकरांचे दात चांगले असतील.

दुसरा दिवस : गोदाम

तालीम सोसायटीच्या गोदामात होती. सोसायटी म्हणजे गावातली सहकारी संस्था. तिने खतासाठी बांधलेलं गोदाम पेरणीच नसल्यामुळे रिकामं होतं, पण खताचा वास भिंतींत राहिला होता आणि डोळे चुरचुरत. पाच वाजता खडीचं काम सुटलं, की मंडळी तशीच येत. केसांवर, भुवयांवर दगडाची पूड. राजा, प्रधान, सेनापती सगळे पांढरे. बापूराव म्हणाले, यंदा रंग लावायची गरज न्हाई.

नाटक पूर्वी गावातून बदली होऊन गेलेल्या एका मास्तरांनी लिहिलेलं. चंद्रभान राजाच्या राज्यात दुष्काळ पडतो, राजा कोठारं बंद करतो, राणी प्रजेसाठी त्याच्यापुढे पदर पसरते, तो ऐकत नाही, शेवटी ऐकतो. दरवर्षी जत्रेत हेच नाटक व्हायचं. राणी सध्या गावातला शिंपी होता.

तालीम सुरू झाली आणि मला काही कळेना. बापूराव छाती काढून उभे राहिले, पण बोलले नाहीत. मग गोदामाच्या मागच्या बाजूने, गजांच्या खिडकीतून, एक सपाट, घाई नसलेला आवाज आला, "प्रधानजी, प्रजेचं रडगाणं मला ऐकवू नका." आणि बापूराव गर्जले, "प्रधानजी! प्रजेचं रडगाणं मला ऐकवू नका!" मग खिडकीने प्रधानाचं वाक्य दिलं. प्रधानाने ते घेतलं. सगळं नाटक असंच. लग्नात भटजींच्या मागून म्हणतात तसं.

आमच्या चाळीतल्या नाटकांत प्रॉम्प्टर असतो, पण तो कोणी अडखळलं तर कुजबुजतो. इथे कोणालाच एक वाक्य पाठ नव्हतं. पाठ करायची पद्धतच नव्हती. बापूरावांना लिहिता-वाचता येत नाही, बाकीच्यांना जेमतेम. बावीस वर्षं एकाच माणसाच्या तोंडातून नाटक निघत होतं आणि सगळं गाव ते बोलत होतं.

खिडकीबाहेर जाऊन पाहिलं. खाली एका दगडावर पन्नाशीचा, सडपातळ माणूस बसला होता. मांडीवर जाड वही. हाच लिंबाजी. मी विचारलं, तुम्ही आत का बसत नाही? तो म्हणाला, "हितं वारं लागतं." आत येऊन बापूरावांना विचारलं. ते म्हणाले, तिथून आवाज चांगला येतो. शिंप्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. चहा आला तेव्हा लिंबाजीचा कप खिडकीच्या गजांतून बाहेर गेला. तो कप गोदामात राहत नव्हता, बाहेरच्या कोनाड्यात राहत होता. लिंबाजी बौद्ध वस्तीतला होता. छप्पन साली त्याच्या वस्तीने जुना धर्म सोडला. गावाने कप सोडला नव्हता.

तालमीच्या शेवटी सोसायटीचे चेअरमन आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. पांढरं धोतर, मऊ बोलणं. जत्रा रद्द झाली होती, पण पलीकडच्या माळावर सहकारी साखर कारखान्याची पायाभरणी ठरली होती आणि मोठी मंडळी येणार होती. त्यांच्यापुढे नाटक करायचं. रॉकेल नव्हतं, पाहुण्यांना दिवसाउजेडी परतायचं होतं, म्हणून दुपारी चार वाजता. प्यायला पाणी नसलेल्या मुलखात ऊस गाळायच्या कारखान्याचा पाया! मी हे मोठ्याने म्हणालो. आबा रागावले नाहीत. म्हणाले, पाऊस काय कायमचा गेलता का? येईल की.

मग त्यांनी शिंप्याला राणीचं चालणं करून दाखवलं आणि मी थक्क झालो. तरुणपणी राणी तेच होते.

तिसरा ते पाचवा दिवस : वही

लिंबाजीची वही मी मागून घेतली आणि उघडली तर एक अक्षर कळेना. ती उजवीकडून सुरू होत होती. निजामाच्या राज्यात लिंबाजी चार यत्ता शिकला, उर्दूत. त्याचा हात त्याच अक्षरांना वळलेला. मास्तर बदलून जाताना त्यांनी नाटक तोंडी सांगितलं आणि लिंबाजीने ते मराठी नाटक, शब्दन् शब्द मराठी, उर्दू अक्षरांत उतरवलं. मास्तरांची मूळ प्रत पुढे वाळवीने खाल्ली. तेव्हापासून ते नाटक गावात फक्त एका माणसाला वाचता येत होतं.

मला ही गोष्ट एवढी आवडली, की मी त्याच्या मागेच लागलो. तुम्ही वाचा, मी देवनागरीत लिहून घेतो, आपण छापू. तो म्हणाला, "कागदावर कशाला? मी हाय की."

मग मी भाषण केलं. मला भाषण येतं. गोदामाच्या दाराशी शाळेचा फळा ठेवतात आणि त्यावर खडूने सगळ्यांची नावं लिहितात, राजापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत. त्यावर बावीस वर्षांत लिंबाजीचं नाव एकदाही आलेलं नव्हतं. मी म्हणालो, पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव येईल. त्याने वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "शाईनं?" मी म्हणालो, शाईनं.

तीन दिवस तो कामावरून लवकर सुटून येई आणि नदीकाठच्या चिंचेखाली बसून वाचून दाखवी. तो कधीच नट होत नसे. राजाचं आणि राणीचं वाक्य एकाच सुरात सांगे. वहीच्या समासात बारीक अक्षरांत खुणा होत्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "त्ये माझं हाय. त्ये लिहू नका." मी लिहिलं नाही.

त्या तीन दिवसांत मी त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. लिंबाजीराव, तुम्ही तोंड उघडलं नाही तर हे नाटक उभंच राहत नाही. तुमच्या हातात केवढी ताकद आहे ती ओळखा. गिरणीत एक खातं थांबलं की सगळी गिरणी थांबते, हे मी पाहिलं आहे. तो ऐकून घेई. पाचव्या दिवशी लिहून झाल्यावर माझी वही मी शाळेच्या गुरुजींकडे दिली. काही जुन्या शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घाची मला खात्री नव्हती.

सहावा दिवस : झिरा

लिंबाजीची बायको गयाबाई. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. मी विचारलं तर म्हणाली, झिऱ्यात पडले.

बौद्ध वस्तीचा आड कोरडा होता. सोसायटीचा टँकर दिवसाला तीन खेपा करी आणि तिन्ही खेपा चौकातल्या विहिरीत रिकाम्या होत. त्या विहिरीवर वस्तीतल्या बायका पोहरा टाकू शकत नव्हत्या. थांबायचं, आणि कोणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. दया येईपर्यंत विहिरीचा तळ दिसू लागे. म्हणून वस्तीच्या बायका कोसभर नदीच्या कोरड्या पात्रात जात. तिथे वाळूत माणूसभर खोल खड्डा खणला होता. त्याच्या तळाशी पाणी पाझरे, त्याला झिरा म्हणतात. कड ढासळून गयाबाई त्यात गेली होती. तिच्या अंगावर वाळू आली. मागून आलेल्या बायकांनी तिला उकरून काढलं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. ती डाव्या हाताने करवंटीने पाणी घेई, घागरीत ओती, आणि खड्ड्यात पुन्हा करवंटीभर पाणी जमेपर्यंत थांबे. सकाळचे दोन तास गेले तेव्हा घागर भरली. मी म्हणालो, घागर मी घेतो. डोक्यावर घेता आली नाही म्हणून खांद्यावर घेतली. वाळूतून वर चढताना तुटक्या चपलेचा पाय घसरला आणि घागर पालथी झाली. पाणी वाळूवर पडलं आणि दिसेनासं झालं.

मला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परत खाली उतरली आणि करवंटी घेऊन बसली. म्हणाली, "बसा तिथं. अजून दोन घंटे लागतील."

संध्याकाळी मी लिंबाजीला हे सांगितलं. त्याला ते ठाऊक होतं. त्याने वही फडक्यात बांधली आणि म्हणाला, उद्या बोलतो.

सातवा दिवस : गोदामाचं दार

दुसऱ्या दिवशी खिडकीखालचा दगड रिकामा होता. बापूराव छाती काढून उभे राहिले आणि तसेच थांबले. प्रधानाने खिडकीकडे पाहिलं. तेवढ्यात लिंबाजी पुढच्या दाराने आत आला. त्या दाराने तो यायचा नाही, हे कोणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. शिंपी दोन पावलं मागे सरला.

आबा पोत्यावर बसले होते. लिंबाजीने उभ्यानेच सांगितलं, की टँकरची तिसरी खेप आमच्या वस्तीच्या आडात सोडा. सोडली तर मी वाचतो, न्हाई तर न्हाई.

मला अभिमानाने रडू यायचं बाकी होतं. मी याच क्षणासाठी जन्मलो होतो, असं वाटलं.

आबा म्हणाले, "लिंबाजी, तुझ्या तोंडानं मी राणी झालो बे. आन् मलाच आडवा जातूस?"

"म्हनून तर तुमाला मागतो. दुसऱ्याला मागितलं नसतं."

आबांनी समजावून सांगितलं. वस्तीला खेप दिली की लमाणांचा तांडा मागेल, तांड्याला दिली की मळ्यातली घरं मागतील. टँकर एकच. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. लिंबाजी म्हणाला, तिसरी खेप. पुन्हा म्हणाला, तिसरी खेप. मग आबांनी दारातल्या गुरुजींकडे पाहिलं आणि विचारलं, ती वही तुमच्याकडंच हाय न्हवं?

गुरुजी खाली बघत हो म्हणाले.

"झालं तर मग. गुरुजी वाचतील." आबा माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमी आलात आन् आमचं काम हलकं केलं बघा. यवढी वर्सं ह्या एका मानसावाचून अडत हुतं."

ते हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांनी मनापासून आभार मानले.

लिंबाजीने मला विचारलं, "तुमी दिली?"

मी म्हणालो, शुद्धलेखन तपासायला.

तो पुढच्या दाराने आला होता, पुढच्याच दाराने गेला. बापूराव त्याच्या मागे दोन पावलं गेले आणि उंबऱ्यावर थांबले.

आठवा आणि नववा दिवस : गुरुजी

मी गुरुजींच्या खोलीवर गेलो आणि वही मागितली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताबडतोब काढून दिली. वर म्हणाले, नेलीत तरी चालेल, मी उतरवून घेतली आहे. मी त्यांना पुष्कळ बोललो. तुम्ही संप फोडता आहात, हे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, संप मी फोडला नाही, मला तो फोडलेलाच लिहून मिळाला. आणि शाळा सोसायटीच्या जागेत भरते, एवढंही म्हणाले.

मी लिंबाजीकडे गेलो. तो घराबाहेर दोर वळत बसला होता. मी माफी मागितली, नाटकाच्या दिवशी आपण पत्रकं वाटू असं सुचवलं. त्याने विचारलं, वाचणार कोन? गयाबाईने मला चहा दिला. त्या चहाला किती करवंट्या लागल्या असतील, ते मी मोजत बसलो. चहा गार झाला.

दहावा दिवस : चार वाजता

पायाभरणीच्या दिवशी टँकरच्या पहिल्या दोन खेपा विहिरीत गेल्या. तिसरी खेप माळावर आली. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून तिची तोटी उघडून सगळ्या मैदानावर पाणी मारण्यात आलं. वस्तीतल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मी इथे विशेषणं लिहिली होती, पत्रकात लिहितात तशी. ती सगळी काढून टाकली. टँकर रिकामा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या उभ्या होत्या, आणि मग घागरी घेऊन नदीकडे गेल्या.

रंगपटासाठी कनात बांधली होती. सफेदा गोडेतेलात कालवून तोंडाला फासत होते, कारण पाण्यात कालवायची सोय नव्हती. राजाचा टिळा शिंप्याने काढून दिला. फळा बाहेर ठेवलेला. गुरुजींचं अक्षर सुरेख आहे. सगळ्यांत खाली प्रथमच एक नवी ओळ होती, प्रॉम्प्टर, आणि पुढे गुरुजींचं नाव. नंतर कळलं की ती ओळ आबांनी लिहायला लावली.

लिंबाजी प्रेक्षकांत होता. मागे, कडेला, बांधाला टेकून. वही बगलेत. बावीस वर्षांत त्याने हे नाटक समोरून पाहिलं नव्हतं.

नाटक चाललं. गुरुजींचा आवाज स्पष्ट होता, पण ते वाक्य संपूर्ण वाचून मग थांबत. बापूरावांना तसं चालत नाही. त्यांना पुढच्या वाक्याचा पहिला शब्द आधीचं वाक्य संपायच्या आत लागतो, नाहीतर सगळंच जातं. लिंबाजीच्या वहीतल्या समासातल्या खुणा नेमक्या यासाठीच होत्या, कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचं ते सांगणाऱ्या. त्या मी लिहिल्या नव्हत्या.

तिसऱ्या अंकात राणी पदर पसरते आणि राजा उत्तर देतो. तिथे बापूराव थांबले. गुरुजींनी वाक्य दिलं, पण पानाच्या घोळात भलतंच, प्रधानाचं. बापूरावांना ते आपलं नाही एवढं कळलं. गुरुजींची पानं उलटण्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. बापूरावांनी कनातीकडे पाहिलं, मग मान वळवून समोर पाहिलं, सगळ्या गर्दीवरून, थेट बांधाकडे.

लिंबाजीला ते वाक्य माहीत होतं. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याचे ओठ हलले. त्याने उजव्या हाताची मूठ तोंडावर दाबली आणि तशीच ठेवली. दुपारच्या उन्हात, पाणी मारलेल्या जमिनीची वाफ येत असताना, राजा उभा होता आणि राणी त्याच्यापुढे पदर पसरून गुडघ्यावर होती, आणि कोणी काही बोलत नव्हतं.

मग पाहुण्यांतल्या एकाने टाळी वाजवली. राजाला गहिवर आला असं त्याला वाटलं. बाकीच्यांनीही वाजवल्या. टाळ्या चालू असताना गुरुजींना पान सापडलं.

शेवटी नटांना एकेक नारळ आणि टॉवेल दिला. दरवर्षी लिंबाजीचा नारळ पडद्यामागे पाठवायचे. या वर्षी तो गुरुजींना पुढे बोलावून दिला. बापूराव रंग न पुसताच बांधाकडे आले.

"लिंब्या, कावून गप बसला बे?"

"आज माझं काम न्हवतं."

"मी मेलो असतो तिथं."

"मेला न्हाईस. टाळ्या पडल्या." लिंबाजीने त्यांच्याकडे बघितलं. "म्होरून पयल्यांदा पाह्यलं बापू. लई चांगलं करतूस की."

बापूरावांनी आपला नारळ त्याच्यापुढे धरला. लिंबाजीने तो घेतला नाही. मग दोघांना काय करावं ते कळेना. नारळ बांधावर ठेवला गेला आणि मी निघालो तेव्हा तिथेच होता.

अकरावा दिवस : परत

सकाळी फाट्याकडे जाताना खडीचं काम लागतं. बापूराव बसले होते, हातोडी चालू होती. रंग तेलाने पुसला होता, पण कानांच्या मागे आणि मानेवर सफेदा तसाच. धुवायला पाणी कोण देणार? मुकादमाने हजेरीला त्यांना राजे म्हणून हाक मारली. ते हजर म्हणाले.

लिंबाजी रस्त्याच्या कडेला माझी वाट पाहत होता. त्याने फडक्यात बांधलेली वही माझ्या हातात दिली. मी घेईना. म्हणालो, ही तुमची आहे, आता माझ्याजवळ कशी ठेवू? अजून तुमचं नाव छापतो, पहिल्या पानावर.

तो म्हणाला, "नाव नगं. हितं ऱ्हायली तर परत कुनी तरी उतरून घेईल. तुला वाचता येत न्हाई, म्हनून तुला देतो."

आणि तो खडी फोडायला गेला. त्याच्या वाट्याचा ढीग रस्त्याच्या पलीकडे होता.

सोलापूर

वडिलांनी खिळ्यांची पेटी तयार ठेवली होती. मी सांगितलं, नाटक छापायचं नाही. गुरुजींकडून परत आणलेली माझी वही मी चुलीत घातली. त्याने काही बदलणार नव्हतं, हे ठाऊक असूनही घातली. गुरुजींची प्रत तिथे आहेच. पुढच्या जत्रेत, जत्रा भरली तर, तेच वाचतील. टँकर अजून चौकात रिकामा होतो, असं वकिलाने कळवलं.

लिंबाजीची वही छापखान्यात माझ्या टेबलावर होती. परवा हसनचाचा आले आणि अक्षरं दिसली म्हणून त्यांनी सहज उचलली. उजवीकडून उघडली, मध्येच एक पान काढलं. चष्मा पुढे ओढून म्हणाले, अरे, हे तर मराठी आहे. आणि समासातली एक बारीक ओळ मोठ्याने वाचली, "हितं आबा खरंच रडतो. थांबायचं."

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली.